सोन्याला ‘भाकरी’ ऐकू येते, पण ‘भ’ सापडत नाही

दोन वर्षांपूर्वी एकाच सकाळी आम्हा दोघांचे कान तपासले, माझे आणि माझा नातू सोन्या याचे. मी नाशिकमधल्या सातपूरच्या एमआयडीसीत ३१ वर्षं पॉवर प्रेसवर काढली. पत्रा सरकवायचा, पायडल दाबायचं, धाड. दिवसातून हजारो वेळा. त्यामुळे माझ्या कानांचा आलेख ४००० हर्ट्‌झपाशी खड्ड्यात गेलेला निघाला. ठोक्यांच्या आवाजात आयुष्य गेलेल्यांचा तो तिथेच खचतो. स, श, फ असे बारीक, हवेचे आवाज मला अर्धेच पोचतात. सूनबाई ‘साखर’ म्हणाली तर मला ‘आखर’ येतं, उरलेलं मी अंदाजानं भरतो. सोन्याचा आलेख मात्र छान, सगळे ठिपके १५ डेसिबलच्या आत. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, “आजोबा, याला टाचणी पडलेली ऐकू येईल.”

त्याच संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या ओट्यावर बसून त्यानं गृहपाठ केला. ‘भाकरी’ची ‘बाकरी’, ‘बदक’चं ‘पदक’, ‘प्रकाश’चा ‘पकाश’. तेव्हा तो तिसरीत होता. ज्याचे कान निम्मे गेले तो मी हे शब्द झोपेतही बरोबर लिहीन, आणि ज्याचे कान शाबूत, त्याला ते सापडत नव्हते.

याला डिस्लेक्सिया म्हणतात, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचणं-लिहिणं अडतं. हे असं का होतं ते मला स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावलं. पुढचं दीड वर्ष आम्ही आजोबा-नातवानं रोज पंधरा मिनिटं त्यावर घासलं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी ती रीत लिहितो. मी मास्तर नाही की डॉक्टर नाही. पण मशीन सेट करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. माल खराब निघाला तर तो मालाला शिव्या देत बसत नाही, खराबी नेमकी कुठल्या जागी येते ते बघतो.

आत काय अडतं

कान आवाज आत घेतात आणि त्यांचं काम तिथे संपतं. पुढचं मेंदूनं करायचं असतं. आलेल्या आवाजाचे तुकडे पाडायचे, ते आले त्याच क्रमानं क्षणभर धरून ठेवायचे, आणि लिहिताना हवा तो तुकडा नेमका उचलायचा. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांचं यातच कुठेतरी अडतं. भाकरी म्हणजे काय हे सोन्याला पक्कं ठाऊक आहे, तो ती मागतो, खातो. पण तो शब्द त्याच्यासाठी एकसंध गोळा असतो. ‘भ्’ आणि ‘आ’ यांच्यामध्ये आपल्याला वाटते ती फट त्याला लागत नाही. खरं तर ती आवाजात नसतेच. बोलताना भ् संपायच्या आधी आ सुरू झालेला असतो. फट पाडतो तो आपला मेंदू, वाचायला शिकता शिकता.

डोळ्यांवरचा संशय फार जुना आहे. १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं होतं. त्याला वाचताच येत नव्हतं. त्यांनी त्याला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटलं. आम्हीही सगळ्यात आधी डोळ्यांच्याच दवाखान्यात गेलो होतो. आवाजाकडे लोकांचं लक्ष वळलं ते बरंच नंतर. १९७४ मध्ये अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना टेबलावर छोटी काठी आपटून शब्दाचे तुकडे मोजायला लावले. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दाचे ठोके मोजता आले, म्हणजे आपल्याकडे ‘ना-शिक’ दोन ठोके, तसे. पण सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या शेवटी ठोके ९० टक्के मुलांना जमले आणि ध्वनी ७० टक्क्यांना. हे आकडे मी मुद्दाम देतो, कारण ‘एवढं साधं याला कळत नाही?’ हे वाक्य आपल्या तोंडी फार पटकन येतं. ते साधं नाही. बाकीची पोरं ती पायरी वाचता वाचता चढून जातात, सोन्यासारख्यांना हात धरून चढवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला फार भिडली. एकाच पानावर सोन्या ‘घर’ तीन तऱ्हांनी लिहायचा, एकदा बरोबर, एकदा ‘गर’, एकदा ‘घार’. सगळे म्हणायचे, लक्ष नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये दाखवलं की एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला तर वाचनात मागे असलेल्या मुलांच्या मेंदूतून येणारा प्रतिसाद दर वेळी जास्त बदलतो, चांगलं वाचणाऱ्यांचा तेवढा बदलत नाही. आमच्या शॉपमध्ये याला ‘प्ले’ म्हणत. मशीन सैल असलं की एकाच डायमधून प्रत्येक पीस थोडा वेगळा निघतो. ऑपरेटरचं लक्ष असलं तरी. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘लक्ष दे’ हे शब्द मी बंद केले.

आधी आठ दिवस काहीच सुधारू नका

पहिलं काम, एक वही करा. मुलानं चुकवलेला शब्द जसाच्या तसा लिहा आणि शेजारी बरोबर शब्द. आठ दिवस लाल पेन हातात घेऊ नका. मी सुरुवातीला हेच केलं नव्हतं. ‘भाकरी’ वीस वेळा लिहायला लावली. त्यानं पहिल्या ओळीत चुकीची लिहिली आणि मग ती चूकच एकोणीस वेळा घोटली. तिसऱ्या दिवशी वही काढली की त्याच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं खरं होतं, आणि ते मी आणलं होतं.

आठ दिवसांनी वही घेऊन बसा. सगळ्या चुका एका जातीच्या नसतात हे लगेच दिसेल.

आमच्या वहीत ‘मिर्ची’, ‘कर्तो’, ‘सर्कार’, ‘सात्पूर’ असे बरेच शब्द होते. हे मोठ्यानं म्हणून बघा. आपण ‘मि-र-ची’ म्हणतच नाही, ‘मिर्‌-ची’ म्हणतो. पोरानं जसं ऐकलं तसं लिहिलं. ‘आम्बा’, ‘गङ्गा’ लिहिलं तरी तेच. अनुस्वाराचा ठिपका एकच, पण आंब्यात तो म् होतो, खंडोबात ण्, पंचवटीत ञ्, गंगेत ङ्. या चुका कानाच्या शाबासकीच्या आहेत. त्याला तसं सांगा, “बरोबर ऐकलंस. लिहिताना मात्र र चा पाय मोडायचा नाही.” सोन्याच्या वहीतल्या जवळपास पाव चुका अशा निघाल्या. ज्याला रोज ‘चुकलं’ ऐकायची सवय झालीय त्याला ‘बरोबर ऐकलंस’ हे ऐकून काय वाटतं ते एकदा त्याच्या तोंडाकडे बघून घ्या.

दुसरी जात घरच्या बोलीची. आमची ही सटाण्याकडची, अहिराणी बोलणाऱ्या घरातली. ती डोळ्याला डोया म्हणते, पाण्याला पानी. दिवसभर आजीजवळ असलेल्या पोरानं ‘डोया’ लिहिलं तर त्याचा कान आजीशी इमानदार आहे. त्याला एवढंच सांगायचं की घरात डोया, पुस्तकात डोळा. आजीचं बोलणं चुकीचं आहे असं पोरासमोर कधीही म्हणू नका.

ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवा. ‘नदि’ की ‘नदी’ हा बोलताना फारसा ऐकू येणारा फरक नाही, तो नियमाचा भाग आहे. शेवटचा इकार-उकार दीर्घ, एवढा एक नियम पुरे, तोही नंतर.

हे सगळं गाळून जे उरलं ते खरं काम. ‘भाकरी’ची ‘बाकरी’, ‘खडू’चा ‘कडू’, इथे हवा, म्हणजे अक्षरासोबत निघणारी फुंकर, हरवली. ‘बदक’चं ‘पदक’, ‘दगड’चा ‘तगड’, इथे कंठ, म्हणजे गळ्याची थरथर, हरवला. ‘प्रकाश’चा ‘पकाश’, ‘स्तंभ’चा ‘संभ’, इथे जोडाक्षरातला एक आवाज गिळला. ‘जवळ’चं ‘वजळ’, इथे क्रम सुटला. आता कुठलं सेटिंग धरायचं ते कळतं. एका वेळी एकच धरा. आम्ही हवेपासून सुरुवात केली, कारण त्या चुका सगळ्यात जास्त होत्या.

मधल्या काळात कान तपासून घ्याच. आमचा आलेख चांगला निघाला म्हणून तुमचा निघेल असं नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साठतं, तेव्हा ऐकणं कमी-जास्त होत राहतं. त्याची तपासणी वेगळी असते, पडद्याच्या दाबाची. ती पण करायला सांगा. आणि आलेख चांगला निघाला म्हणजे प्रश्न संपला असं समजू नका. त्या खोलीत शांततेत बारीक सूर ऐकवतात. गोंगाटात ‘बदक’ की ‘पदक’ हे ओळखायला कोणी सांगत नाही.

पेन ठेवा, तोंड वापरा

वर्णमाला मी पन्नास वर्षं पाठ म्हटली, पण तिची मांडणी कशाची आहे हे मला नातवामुळे कळलं. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, अशा पाच ओळी, पंचवीस अक्षरं. ओळ बदलली की तोंडातली जागा बदलते, घशापासून ओठांपर्यंत. आणि प्रत्येक ओळीत तोच क्रम. पहिल्यात ना कंठ ना हवा. दुसऱ्यात हवा. तिसऱ्यात कंठ. चौथ्यात कंठ आणि हवा दोन्ही. पाचव्यात नाक. हा तयार सेटिंग चार्ट आहे. ज्या मुलाला कानानं फरक लागत नाही त्याला हातानं, ओठानं, नाकानं लागतो.

हवेसाठी एसटीच्या जुन्या तिकिटाएवढी कागदाची पट्टी तोंडासमोर धरा. ‘त’ म्हणा, पट्टी जवळपास स्थिर. ‘थ’ म्हणा, उडते. मग क-ख, ट-ठ. पट्टी नसेल तर तळहात. सोन्यानं पहिल्यांदा ‘ख’ची हवा हातावर घेतली तेव्हा तो म्हणाला, “आबा, यात फुंकर आहे!” तेव्हापासून आमच्या घरात ती फुंकरवाली अक्षरं आणि बिनफुंकरीची अक्षरं.

कंठासाठी दोन बोटं गळ्यावर. इथे एक खबरदारी. नुसतं ‘प’ आणि ‘ब’ म्हणाल तर मागून येणारा ‘अ’ दोन्ही वेळा गळा थरथरवतो आणि मूल गोंधळतं. आमचे पहिले चार दिवस यातच गेले. खरा फरक अ यायच्या आधी आहे. ब म्हणताना ओठ मिटलेले असतानाच गळा गुणगुणायला लागतो, प म्हणताना ओठ उघडेपर्यंत गळा गप्प. हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात होतो, त्यामुळे तो निसटतो यात नवल नाही. म्हणून लांबवता येतील अशा आवाजांनी सुरू करा. ‘स्स्स्स’ लांबवा, गळा गप्प. ‘माझा’तला झ लांबवा, माशीसारखा, गळा थरथरतो. हे हाताला नीट लागलं की मग प-ब, त-द, क-ग कडे या, आणि ओठ मिटून जरा थांबून बोला.

नाकासाठी नाक चिमटीत धरून ‘म’ म्हणायला सांगा. तो म्हणताच येत नाही. हे पोरांना फार आवडतं.

चिंचोके

आता तुकडे पाडणं. आम्ही चिंचोके वापरले, घरात चिंच फोडली होती म्हणून. एक आवाज, एक चिंचोका. कागदावर चौकोन आखायचे, आवाज म्हणत म्हणत एकेक चिंचोका चौकोनात सरकवायचा. सोव्हिएत रशियातल्या एल्कोनिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी ही चौकोनांची पद्धत रुळवली, असं मॅडमनी सांगितलं.

पण त्याच्याही आधी ठोके. टाळी वाजवत ‘ना-शिक’, ‘पंच-व-टी’, ‘भाक-री’. त्यानंतरच ध्वनी. सुरुवात दोन चिंचोक्यांच्या शब्दांनी, ‘मी’ म्हणजे म् आणि ई, ‘ती’ म्हणजे त् आणि ई. मग तीन, ‘भात’ म्हणजे भ्, आ, त्. इथे मूल विचारेल, अक्षरं तर दोनच आहेत. विचारलं तर समजा गाडी रुळावर आली. आपल्या लिपीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात राहतात, त्यामुळे पहिली-दुसरीत अशी मुलं अक्षरांच्या पाठांतरावर निभावून नेतात आणि काना-मात्रा, जोडाक्षरं वाढली की उघडी पडतात. सोन्याचं तसंच झालं. पहिलीत तो वर्गात वरच्या मुलांत होता.

तुकडे पडायला लागले की काढा-घालायचा खेळ. ‘भात’मधला भ् उचल, काय उरलं? आत. ‘ताई’तला त् उचल, आई. ‘काठ’मधला क् उचल, आठ. ‘बोला’तला ब् उचल, ओला. मग बदलायचं. पान, मान, कान, रान. मग मधला स्वर बदलायचा. काळ, केळ, कूळ. ‘भात’मधून ‘आत’ निघाला तेव्हा सोन्या ताटाकडे बघून कितीतरी वेळ हसत होता.

चिंचोक्यांवर फार दिवस राहू नका. एक-दोन आठवड्यांत त्यांच्या जागी अक्षरं आणि मात्रा लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे आणा. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांचा अभ्यास आला. ज्या मुलांना आवाजांच्या खेळासोबत प्लास्टिकची अक्षरं हातात दिली ती नुसते आवाजांचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा पुढे गेली. आवाज आणि अक्षर एकत्र बसायला हवं.

आणि ‘च’ची भाषा! लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून आपण बोलायचो ती. ‘मी घरी जातो’ म्हणजे ‘चीम चरीघ चातोज’. बघा काय होतं. ‘मी’मधला म् सुटा करायचा, त्याची ई च ला द्यायची, म् मागे नेऊन ठेवायचा. मॅडम जे महिनाभर शिकवत होत्या तेच, आणि आपल्या पोरांनी ते कोणी न शिकवता पिढ्यान्‌पिढ्या खेळलंय. मे महिन्यात सटाण्याहून मावसभावंडं आली तेव्हा सोन्याला ही भाषा लागली. त्याला वेळ लागायचा, पण गुपित बोलायचं असल्यामुळे तो सोडायचा नाही. एकच सांगतो, शब्द द्यायच्या आधी स्वतः मनात फिरवून बघा. काही शब्द उलटले की नको ते निघतात. नाशिकचं ‘चाशिकन’, पाण्याचं ‘चाणीप’, मिसळीचं ‘चिसळम’ हे बिनधोक आहेत.

भेंड्यांचाही असाच उपयोग होतो. शेवटच्या अक्षराऐवजी शेवटच्या आवाजावरून पुढचं गाव सांगायचं. ‘घोटी’वरून ई आला, ‘इगतपुरी’.

बसच्या पाट्या

जोडाक्षरं मी पुस्तकातून शिकवली नाहीत. सिटी बसनं हिंडलो. नाशिकच्या पाट्यांवर सगळं आहे. ‘द्वारका’, जीभ दाताला आणि लगेच ओठ व ला, दोन जागा म्हणजे दोन आवाज. ‘अशोकस्तंभ’, स् लांबवता येतो, मग त्. ‘म्हसरूळ’, नाक आणि फुंकर एकाच वेळी. ‘त्र्यंबक नाका’ शेवटी ठेवा, त्यात त्, र्, य् तिघं एका अक्षरात चढून बसलेत आणि वर अनुस्वार. सोन्या ‘तंबक’ म्हणायचा. आम्ही ते मागून जोडलं, आधी ‘यंबक’, मग ‘र्यंबक’, मग ‘त्र्यंबक’. मागून जोडलेलं लवकर जमतं, निदान आम्हाला जमलं.

‘पाथर्डी फाटा’ रफारासाठी. कानाला ‘पा-थर्‌-डी’ येतं, र हा थ च्या घरातला. लिहिताना तो पुढच्या घराच्या गच्चीवर जाऊन बसतो, डी च्या डोक्यावर. आवाजाचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम इथे फुटतो, आणि क्रमातच कच्चं असलेलं मूल इथे हमखास पडतं. ‘सिडको’तली वेलांटीही तशीच. तोंड आधी स म्हणतं, हात आधी वेलांटी काढतो. आम्ही त्याला आधी स लिहून मग वेलांटी घालू देतो. अक्षर वाकडं दिसतं, दिसू दे.

मोठ्यानं बोलून फायदा नाही

माझ्याशी मोठ्यानं बोललं तर मला कळतं. सोन्याशी मोठ्यानं बोललं तर तो फक्त घाबरतो. आवाज त्याला पुरेसा येतोच, त्याला हवी असते उसंत. समोर या, तुमचं तोंड दिसू दे, आणि एका वेळी एक काम सांगा. “दप्तर ठेव, हातपाय धू, डबा घासायला टाक आणि गच्चीवरचे कपडे आण” यातले त्याला फक्त कपडे आठवायचे, आणि आम्ही त्याला उर्मट म्हणायचो. आता तो सरावलाय, म्हणून दोन-दोन कामं सांगतो आणि त्यालाच परत म्हणायला लावतो.

अभ्यासाच्या पंधरा मिनिटांत टीव्ही, मिक्सर बंद, कुकर आधी किंवा नंतर. अशा पुष्कळ मुलांना गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं फार जड जातं. शाळेत बाईंना भेटून बाक बदलून घ्या, पहिल्या रांगेत, रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब. श्रुतलेखनाला बाईंनी प्रत्येक शब्द दोनदा, मध्ये थांबून म्हणावा एवढी विनंती करा. आमच्या बाईंनी ते आनंदानं केलं आणि वर्गातल्या आणखी तिघांना त्याचा उपयोग झाला.

ढोलाचं सांगतो. गणपतीच्या आधी दोन महिने आमच्या मैदानावर पथकाचा सराव चालतो. सोन्याचा हात ठोक्यामागे पडायचा. केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांनी २०११ मध्ये मांडलं की या मुलांना बोलण्यातला ठोका, म्हणजे आवाज कुठे चढतो ते नीट पकडता येत नाही, आणि त्यातूनच पुढे ध्वनींचा गोंधळ होतो. यावर सगळ्या संशोधकांचं एकमत नाही. ढोल वाजवून वाचता येतं असंही कोणी समजू नये. पण ढोलावर ‘पंच-व-टी, पंच-व-टी’ म्हणत वाजवल्यावर त्याचं ठोके मोजणं कमी चुकायला लागलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सोन्या आता पाचवीत आहे. फुंकरीच्या चुका फार क्वचित. जोडाक्षरं दहातली सात-आठ. वाचतो मात्र सावकाशच, आणि मॅडम म्हणतात तो वेग बराच काळ असाच राहील. म्हणून धड्याच्या आधी मी आणि तो जोडीनं वाचतो, माझा आवाज अर्धा शब्द पुढे. तुमच्या मुलाचं सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर घरच्या घरी ताणत बसू नका, तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्राची तपासणी साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर होते, आणि ते असलं की बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळासारख्या सवलती मिळतात. पण आवाजाचे खेळ सुरू करायला आठ वर्षं थांबायची गरज नाही, बालवाडीपासून चालतात.

आमच्या वहीतला सरावाचा पहिला आठवडा जसा होता तसा देतो. पंधरा मिनिटं, खेळून आल्यावर, पोट भरलेलं असताना.

सोमवार: टाळ्या. घरातल्या सगळ्यांची नावं, मग बसथांबे.
मंगळवार: पट्टी. त-थ, क-ख, ट-ठ. लिहिणं नाही.
बुधवार: गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात भाजी घेताना फुंकरवाल्या भाज्या शोधणं. भेंडी, भोपळा, घेवडा.
गुरुवार: दोन चिंचोक्यांचे शब्द. मी, ती, ये, जा, घे.
शुक्रवार: तीन चिंचोक्यांचे. भात, डाळ, गूळ, मीठ.
शनिवार: भात, भाजी, भाकरी, पुठ्ठ्याच्या अक्षरांनी लावणं. चुकलं तर पट्टी पुन्हा तोंडासमोर.
रविवार: वही बंद.